लवणतट ते लोनाड

दिवाळीची सुट्टी जवळ आली की शाळेच्या फळ्यावर निबंधाचा एक ठरलेला विषय हटकून येतो: ‘एका निसर्गरम्य खेड्यास भेट’. भिवंडीत मास्तरकी करता करता या विषयाच्या किती वह्या तपासल्या, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पण पन्नास वह्या तपासल्या तरी खेडे एकच निघते, हे मी शपथेवर सांगेन. पूर्वेला डोंगर, डोंगराआडून वर येणारा सूर्य, खळखळ वाहणारी नदी, हिरवीगार शेते, झाडाखाली पावा वाजवणारा गुराखी, आणि शेवटी ‘असे हे खेडे मला फार आवडले’. या खेड्याला नाव नसते. तेथे कधी राजा आलेला नसतो, वाणी आलेला नसतो, कर्ज नसते, भांडण नसते. ते कालच सकाळी देवाने घडवून आपल्यापुढे ठेवल्यासारखे असते.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. आपण मोठी माणसेदेखील खेड्याकडे याच नजरेने पाहतो. ‘निसर्गरम्य’ हा शब्द उच्चारला की त्या गावात कोणी काही केले असेल, ही कल्पनाच मनातून पुसली जाते. मला या निमित्ताने वाचकांना एका खऱ्या गावी न्यावयाचे आहे. गाव भिवंडी तालुक्यातले, आडवाटेचे, आणि दिवाळीच्या दिवसांत दिसावयास मोठे देखणे. नाव लोनाड. त्याची रम्यता कोणी आणि कशी निर्माण केली, याची कागदपत्रे उपलब्ध आहेत. कागद म्हणावयाचे ते अर्थात तांब्याचे आणि दगडाचे.

कल्याणहून निघालात तर उल्हास नदीवरचा गांधारी पूल ओलांडून पडघ्याच्या रस्त्याला लागावे. बापगाव येते, आणि त्याच्या आसपासच लोनाड, सोनाळे, चौधरपाडा ही गावे पसरलेली आहेत. आश्विन सरत आला की या भागातल्या भातखाचरांना जो पिवळा रंग चढतो, त्याला सोन्याची उपमा देऊन मी निबंधाच्या वहीत शिरत नाही. पिकल्या भाताचा म्हणून एक स्वतंत्र रंग असतो, एवढेच म्हणतो. कापणी चाललेली असते. बांधाबांधाने भारे रचलेले असतात, खळी सारवून तयार असतात. भात निघाले की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरावयाचा, ही घाई प्रत्येकाच्या चालण्यात दिसते. हवा स्वच्छ असेल तर ईशान्येच्या अंगाला माहुलीचे सुळके आणि दक्षिणेला मलंगगडाची रांग ओळखू येते. मध्ये लहान लहान टेकड्या, त्यांच्या उतारावर साग, पळस आणि आंबे. निबंधाला लागणारे सारे साहित्य येथे तयार आहे. बासरी तेवढी नाही. तिच्या जागी गुराख्याच्या खिशातला मोबाईल वाजत असतो.

आता नावापासून सुरुवात करू. शिलाहार राजांच्या एका ताम्रपटात या ठिकाणाचे नाव लवणतट असे आले आहे. लवण म्हणजे मीठ आणि तट म्हणजे काठ. मिठाचा काठ, खाऱ्या पाण्याचा काठ. लवणाचे लोण होते हे आपल्या घरातल्या लोणच्याच्या बरणीवरून कोणालाही पटेल. लवणतटाचे लोणाड व्हावयास वेळ लागला नसावा; आणि येथल्या आगरी बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, त्यामुळे लोनाड. खाडी येथून फार दूर नाही. भिवंडीला आणि कल्याणला तिचे पाणी लागते, आणि तिच्या काठाने पूर्वापार मिठागरे होती. आगरी हे नावच मुळी आगरावरून, म्हणजे मिठागरावरून आलेले आहे. ज्यांच्या जातीच्या नावात मीठ आहे त्यांनी ज्याच्या नावात मीठ आहे त्या गावी शेती करावी, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. खारे पाणी बांध घालून अडवावयाचे, पावसाच्या गोड पाण्याने जमीन धुऊन काढावयाची, आणि मग तिच्यात भात लावावयाचा, हे काम या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. ज्या हिरव्या खाचरांकडे पाहून आपण ‘अहाहा’ म्हणतो, त्यांतला प्रत्येक बांध कोणीतरी कंबर वाकवून घातलेला आहे.

लोनाडला माणसे आली ती रस्त्यामुळे आली. कल्याण हे फार जुने बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात त्याचे नाव आहे. तेथे उतरू पाहणाऱ्या ग्रीक गलबतांना पहाऱ्यात भडोचकडे नेत, अशी तक्रारही त्याने नोंदवून ठेवली आहे. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची जी नावे कोरलेली आहेत, त्यांत कल्याणचे व्यापारी आहेत, सोनार आहे, लोहार आहे. बंदरात उतरलेला माल देशावर जावयाचा तर दोन मोठ्या वाटा: एक नाणेघाटाने जुन्नरकडे, दुसरी थळघाटाने नाशिककडे. या दुसऱ्या वाटेच्या बाजूला लोनाडची टेकडी उभी आहे. बौद्ध भिक्षू आपली वस्ती निवडताना दोन गोष्टी पाहत: जागा गावगोंधळापासून दूर हवी, आणि भिक्षेला जाता येईल इतपत वाटेजवळ हवी. या टेकडीवर दोन्ही सोयी होत्या.

टेकडीतले लेणे इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातले मानतात. वेरूळ-अजिंठ्याच्या अपेक्षेने गेलात तर ते लहान वाटेल. खांबांची ओसरी, आत दालन, आणि पाण्याचे टाके. पण ओसरीतल्या भिंतीवर जो शिल्पपट आहे तो पाहण्यासाठी मात्र जरा थांबावे. एक राजा आसनावर बसला आहे, भोवती स्त्रिया आहेत, सेवक आहेत. काही अभ्यासकांना त्यात जातककथेतला प्रसंग दिसतो. पावसाळ्यातल्या दीड हजार वर्षांच्या ओलीने चेहरे झिजले आहेत, तरी बसण्या-उभे राहण्यातला डौल गेलेला नाही. आत आता खंडेश्वरी देवी आहे. भिक्षू गेले, त्यांचा धर्मही या वाटेवरून गेला, परंतु गावाने जागा ओस पडू दिली नाही. शेंदूर लावला, दिवा लावला, नारळ फोडला. पुराणवस्तूंच्या पंडितांना शेंदराचा राग येतो, आणि त्यांचे म्हणणे त्यांच्या जागी खरेच आहे. पण त्या दिव्यामुळे लेण्याकडे जाणारी पायवाट एवढी शतके मळलेली राहिली, हेही तितकेच खरे आहे.

आता ताम्रपटाकडे वळू. लोनाडहून ईशान्येला, पडघ्याच्या बाजूस भादाणे नावाचे गाव आहे. शके ९१९ मध्ये, म्हणजे इसवी सन ९९७ मध्ये, ठाण्याच्या शिलाहार घराण्यातल्या अपराजित राजाने दक्षिणायनाच्या पर्वकाळी हे भादाणे गाव लवणतट येथील लोणादित्य देवाला दान दिले. देवाच्या नावातल्या ‘आदित्य’वरून तो सूर्यदेव असावा. दक्षिणायन लागते ते पाऊस सुरू होण्याच्या सुमारास. कोकणात पेरण्या होऊन रोपे तरारत असतात, अशा वेळी भादाण्याच्या पिकाचे उत्पन्न देवाच्या पूजेकडे आणि देवळाच्या देखभालीकडे लावून देण्यात आले. आपल्या गावाचे सारे आता लवणतटाला जावयाचे, ही बातमी भादाण्याच्या शेतकऱ्याला गुडघाभर चिखलात उभे असताना कळली असेल. तो काय म्हणाला, हे ताम्रपटात नाही. ताम्रपट राजाचा असतो.

राजाचे दुःख मात्र त्यात आहे, आणि ते वाचताना माझ्यातल्या कादंबरीकाराचे कान टवकारतात. शिलाहार हे मूळचे राष्ट्रकूटांचे मांडलिक. राष्ट्रकूटांचे साम्राज्य ९७३ साली चालुक्य तैलपाने बुडवले. त्याला पुरी चोवीस वर्षे झाली होती. मांडलिकाने अशा वेळी काय करावयाचे असते, हे व्यवहारी माणसाला सांगावयास नको. धनी बदलला की नव्या धन्याचा जयजयकार करावा. अपराजिताने तसे केले नाही. आपल्या दानपत्रात त्याने आधी बुडालेल्या राष्ट्रकूटांची सारी वंशावळ सांगितली, त्यांचे राज्य आता केवळ स्मरणात उरले याची खंत नोंदवली, आणि मग स्वतःच्या घराण्याकडे वळला. एका लहानशा गावच्या जमिनीच्या कागदात एका साम्राज्याचा मृत्युलेख आलेला आहे. लोनाड आणि भादाणे ही नावे इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत टिकून राहिली ती या कागदामुळे.

लोनाडला एक जुने शिवमंदिर आहे, रामेश्वराचे. अंबरनाथचे मंदिर वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल; त्याच शिलाहारकालीन हाताचे हे काम, पण पडझड झालेले. मंडप गेला, शिखर गेले, गाभारा राहिला. आजूबाजूला कोरीव दगड विखुरलेले आहेत. आमच्या शाळेची सहल तेथे नेली होती तेव्हा एक मुलगी एका दगडापाशी बराच वेळ उकिडवी बसून राहिली. दगडावर एका स्त्रीचा अर्धाच हात कोरलेला उरला होता आणि त्या हातात बांगड्या होत्या. तिने मोजून सांगितले, ‘सर, आमच्या आजीच्या हातात असतात तेवढ्याच आहेत.’ इतिहासाचा तास मी त्या दिवशी वेगळा घेतला नाही. जरूर पडली नाही.

या परिसरात शिलालेखांचे दगड आहेत. त्यांतला एक शके ११०६ चा, म्हणजे इसवी सन ११८४ चा, दुसऱ्या अपरादित्याच्या काळातला. दुसरा चौधरपाड्याचा, शके ११६१ चा, म्हणजे १२३९-४० सालचा, केशिदेव राजाच्या वेळचा. या दुसऱ्या दगडासाठी मी हा लेख लिहावयास घेतला, असे म्हटले तरी चालेल. केशिदेवाने सोमण नावाच्या शिवभक्त कवीला ब्रह्मपुरी हे गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. शोंपेश्वर महादेवाच्या पूजाऱ्यांनाही काही जमीन दिलेली आहे, आणि ती जमीन ज्या गावची सांगितली आहे ते गाव म्हणजे आजचे बापगाव. कवीला गाव इनाम मिळावे, हा काळ कोणता होता असे कोणा लेखकाच्या मनात आले तर त्याला हसू नये. पण खरी गोष्ट पुढेच आहे. या लेखात ब्रह्मपुरीचे वर्णन रम्य म्हणून केलेले आहे, आणि ते कशामुळे रम्य, तेही सांगितले आहे. डोंगरामुळे नव्हे, नदीमुळे नव्हे. तेथल्या शिवालयांमुळे.

जवळजवळ आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाला गाव रम्य वाटले ते माणसांनी तेथे जे उभे केले होते त्यामुळे. डोंगर त्यालाही दिसत होताच. कोकणात डोंगर कोठे नाहीत? नद्या कोठे नाहीत? पावसाळ्यात तर दगडालाही हिरवळ फुटते. परंतु नुसत्या हिरवळीला त्याने रम्य म्हटले नाही. देऊळ, त्याच्यापुढचे पाणी, पूजेची फुलझाडे, सांजवेळचा दिवा, आणि हे सारे चालावे म्हणून कोणीतरी राबवलेले शेत, एवढे सारे एकत्र आले की गाव रम्य. आपण मधल्या काळात त्या शब्दाला ‘निसर्ग’ चिकटवला आणि माणसाला त्यातून काढून टाकले.

त्या काळच्या लोकांना आणखी एक गोष्ट पक्की ठाऊक होती. दिलेली जमीन उद्या कोणीतरी बळकावणार. म्हणून दानपत्रात चारी दिशांच्या हद्दी लिहीत: पूर्वेला अमक्याचे शेत, दक्षिणेला ओढा, पश्चिमेला शेजारचे गाव, उत्तरेला झाड. नुसत्या हद्दींवरही त्यांचा विश्वास नसे. भूमी देणारा साठ हजार वर्षे स्वर्गात राहतो आणि हिरावून घेणारा तितकीच वर्षे नरकात, अशा अर्थाचे श्लोक खाली जोडत. तेवढ्यानेही भागले नाही तर दगडावर एक चित्र कोरीत. त्याला गद्धेगाळ म्हणतात. वर चंद्रसूर्य, म्हणजे हे दान ते आकाशात आहेत तोवर चालावे. आणि खाली गाढव व स्त्री यांचे असे चित्र की दिवाळी अंकात त्याचे वर्णन न केलेले बरे. जो कोणी हे दान मोडील त्याच्या आईची ही अप्रतिष्ठा होईल, असा त्याचा अर्थ. चौधरपाड्याच्या दगडावरही हे चित्र आहे. परळला सापडलेल्या ११८७ सालच्या शिलाहार लेखात तर मोठी मौज आहे. सारा लेख संस्कृतात चालतो, आणि शेवटी शिवी द्यावयाची वेळ येते तेव्हा भाषा मराठी होते. राजाचे बिरुद पंडितांना कळले तरी पुरे, परंतु शिवी ज्याला द्यावयाची त्याला ती कळावयास हवी!

मुलांना हा दगड दाखवताना मास्तराची थोडी पंचाईत होते. मी एवढेच सांगतो की पोलीस आणि कचेऱ्या हाताशी नसताना जमिनीच्या कराराला लोकांनी शरमेचा पहारा बसवला होता. ज्याला लाज आहे त्याच्यावर तो चालत असे.

पण सगळ्यांवर तो चालला नाही, हेही दिसतेच. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात देवगिरीच्या यादवांनी शिलाहारांचे राज्य संपवले. पुढे सुलतान आले, किनाऱ्याने पोर्तुगीज आले. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, तेव्हा लोनाडची देवळे कित्येक पिढ्यांची जुनी झालेली होती. लोणादित्याचे नाव लोकांच्या तोंडून गेले. सूर्यचंद्र कोरलेले दगड शेताच्या कडेला पडून राहिले. कोणी त्यांना देव मानून शेंदूर लावला, कोणी बैल बांधले. एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या विद्वानांनी ठाणे जिल्ह्यातले शिलालेख वाचून काढले. १८८२ साली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर छापले गेले, त्यात लोनाडचे लेणे, देऊळ आणि दगड यांची माहिती आली. सहाशे वर्षे जे गावाला दिसत होते पण वाचता येत नव्हते, ते पुन्हा वाचले गेले.

येथवर आले म्हणजे वाचक विचारतील, मास्तर, हे सारे झाले हजार वर्षांपूर्वीचे. आज तेथे काय आहे? आज तेथे रस्ता आहे. भिवंडी हे एके काळी मागांचे गाव. उत्तरेकडून आलेल्या विणकरांनी ते वाढवले, आणि यंत्रमागांच्या खडखडाटाने त्याची दुसरी ओळख झाली. तिसरी ओळख गोदामांची. मुंबईत माल शिरताना जकात द्यावी लागे, म्हणून व्यापाऱ्यांनी जकात-नाक्याच्या अलीकडे, महामार्गालगत भिवंडीच्या खेड्यांत माल उतरवून ठेवावयास सुरुवात केली. २०१७ च्या जुलैमध्ये वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत, उलट आणखी मोठी झाली, कारण आता साऱ्या राज्यांसाठी एकाच ठिकाणी माल साठवणे सोयीचे झाले. आज भिवंडी तालुका हे देशातल्या गोदामांच्या मोठ्या ठाण्यांपैकी एक आहे. मुंबईत घरबसल्या मागवलेला रेडिओ, साडी किंवा पुस्तक बहुधा आमच्या तालुक्यात एक रात्र मुक्काम करून तुमच्या दारी येते.

त्यात समृद्धी महामार्गाची भर पडली. नागपूरहून निघणारा ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावी येऊन संपतो. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आमणे लोनाडपासून थोड्याच अंतरावर आहे. कल्याणहून थळघाटाकडे जाणारे व्यापाऱ्यांचे तांडे ज्या बाजूने जात, त्याच बाजूला विदर्भातून आलेला मालट्रक आता घाट उतरून येतो. रस्त्याने लोनाड वसवले आणि दोन हजार वर्षांनी रस्ताच त्याच्या दाराशी पुन्हा येऊन उभा राहिला आहे.

एका खळ्यावर बसलो असताना एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी बोलणे झाले. मी आपला सवयीने म्हणालो, ‘बाबा, तुमचा गाव किती छान आहे!’ तो भाताची पेंढी आपटता आपटता म्हणाला, ‘मास्तर, तुमाला बगाला बरा वाटतं. आमाला पिकवाचं हाय.’ मग त्याने मला सरळ हिशेब मांडून दाखवला. नांगरणीचा ट्रॅक्टर, लावणीची मजुरी, खत, कापणीची मजुरी. आणि समोर भाताचा भाव. मुलगा गोदामात कामाला जातो, नातू टेम्पो चालवतो. शेजाऱ्याने जमीन भाड्याने दिली, त्याचे घर दुमजली झाले. ‘आता तुमी सांगा,’ तो म्हणाला.

मी काय सांगणार? तुमची शेते राखा, म्हणजे आम्हाला रविवारी पाहावयास बरी वाटतील, हे कोणत्या तोंडाने म्हणावे? अपराजिताने भादाण्याचे उत्पन्न देवाला दिले तेव्हा भादाण्याच्या शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते. आपणही लोनाडच्या शेतकऱ्याला न विचारता त्याचे शेत आपल्या ‘निसर्गरम्य’तेला दान देऊन मोकळे होऊ पाहतो. फरक एवढाच की राजा निदान ताम्रपट करून देत असे.

म्हणून मला वाटते की शेतकऱ्याला उपदेश करण्यापूर्वी गावाने आणि सरकारने जुन्या दानपत्रांकडून एक साधी रीत शिकावी: हद्दी लिहाव्यात. सारे गाव जसेच्या तसे राखता येणार नाही, आणि तसा हट्टही धरू नये. भात परवडत नसेल तर माणूस दुसरे काही करील. त्याच्या बापजाद्यांनीही मीठ सोडून भात धरले होते. परंतु लेण्याची टेकडी, देवळाभोवतीचे आवार, शिलालेखाचे दगड, गावचे पाणी आणि ते वाहून नेणारे ओढे, एवढ्याच्या पूर्व-पश्चिम-दक्षिण-उत्तर सीमा ग्रामसभेच्या ठरावात स्पष्ट लिहिल्या जाव्यात. या रेषेच्या आत मुरूम खणावयाचा नाही, भराव टाकावयाचा नाही. टेकडी एकदा पोखरली की तिच्यातला शिल्पपट पुन्हा कोरणारे हात आपल्याजवळ नाहीत. ओढा एकदा बुजवला की पावसाचे पाणी खाली राहिलेल्या शेतकऱ्याच्या खाचरात आणि घरात शिरते, आणि ते नुकसान गोदामाच्या भाड्यातून त्याला कोणी भरून देत नाही. जी चार गोष्टी मोडल्या तर परत करता येत नाहीत, त्यांना तरी रेषा हवी. बाकीचे ज्याचे त्याने ठरवावे.

आणि आपण, पाहावयास जाणाऱ्यांनी? आपणही काही देणे लागतो. या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन लोनाडला जरूर जा. सकाळी लवकर निघा, पाणी आणि शिदोरी बरोबर घ्या, आणि रिकाम्या पिशव्या परत आणा. लेण्याच्या भिंतीवर आपले नाव लिहू नका. तेथे नाव कोरण्याचा अधिकार मिळवावयास पूर्वी निदान एक गाव दान द्यावे लागे. खळ्यावर कापणी चालली असेल तर वाट सोडून उभे राहा. भात, वाल, भाजी, जे काही तेथे विकावयास असेल ते तेथेच विकत घ्या आणि भावाची घासाघीस करू नका. मुलांना टेकडीवर उभे करून चारी दिशा ओळखावयास सांगा: कल्याणची खाडी कोठे, माहुली कोठे, भादाणे कोठे, आमण्याचा नवा रस्ता कोठे. मग खाली उतरून चौधरपाड्याचा दगड पाहा. अक्षरे लागणार नाहीत. पण वरच्या बाजूला चंद्रसूर्य आहेत, ते पाच वर्षांच्या मुलालाही वाचता येतात. दान देणाऱ्याने ते कोरताना किती वर्षांचा वायदा केला होता, तेवढे त्याला सांगा.